उत्तर देण्याची मुभा



स्मृतिव्याख्यानासाठी व्हिडिओ गेम हा विषय घेताना मी स्वतःला एक अट घातली. व्हिडिओ गेममुळे मुलं बिघडतात की हुशार होतात, या वादात शिरायचं नाही. तो वाद आपल्याकडे भरपूर झाला आहे, आणि त्यात परिणामांबद्दलच बोललं जातं. ज्या वस्तूचे परिणाम मोजायचे ती वस्तू कशी घडली आहे, तिची रचना काय, हे विचारायचं राहूनच जातं. आज मला ते विचारायचं आहे. एकाच खेळाबद्दल आणि त्यातल्या मुख्यतः एकाच नियमाबद्दल मी बोलणार आहे.

खेळाचं नाव 'पुयो पुयो त्सू'. सप्टेंबर 1994 मध्ये तो जपानमधल्या गेम पार्लरांत आला. हिरोशिमा शहरातल्या 'कंपाइल' नावाच्या कंपनीनं तो केला. 'पुयो पुयो' या खेळाचा हा दुसरा भाग. दुसऱ्या भागात सहसा काय होतं ते आपल्याला सिनेमावरून माहीत आहे: सगळं अधिक. अधिक पात्रं, अधिक खर्च, अधिक आवाज. 'त्सू'मध्येही पात्रं वाढली आहेत, पण त्यामुळे तो मोठा ठरत नाही. तो मोठा ठरला कारण त्यानं खेळणाऱ्याला पहिल्या भागात नसलेली एक मुभा दिली. समोरच्यानं केलेल्या हल्ल्याला उत्तर देण्याची मुभा.

हे नीट समजायचं तर आधी थोडं मागे जायला हवं.

पडणाऱ्या ठोकळ्यांचा खेळ म्हटलं की टेट्रिस आठवतो. अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो 1984 मध्ये मॉस्कोत तयार केला. 1989 मध्ये निन्टेंडोच्या गेम बॉयबरोबर तो जगभर गेला. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात मुलांच्या हातात आला तो 'ब्रिक गेम' नावाच्या स्वस्त यंत्राच्या रूपानं. त्या छोट्या करड्या पडद्यावर माझ्या पिढीतल्या असंख्य मराठी मुलांनी दुपारच्या दुपारी घालवल्या आहेत. तो खेळ एकट्याचा होता. वरून ठोकळा येतो, तुम्ही तो बसवता, ओळ भरली की नाहीशी होते, आणि वेग वाढत वाढत शेवटी तुम्हाला हरवतो. तिथं तुमच्यासमोर माणूस नसतो, वेग असतो.

जपानी कंपन्यांनी ही कल्पना उचलली आणि तिचे नाना प्रकार करून पाहिले. सेगाचा 'कॉलम्स' आणि निन्टेंडोचा 'डॉ. मारिओ' हे दोन्ही 1990 मधले. कंपाइलही त्याच दिशेनं चाचपडत होती. 1982 मध्ये मासामित्सु निइतानी यांनी स्थापन केलेली ही कंपनी तोवर 'झानाक' आणि 'आलेस्ते' यांसारख्या विमानातून गोळ्या झाडण्याच्या खेळांसाठी ओळखली जायची. काझुनारी योनेमित्सु यांच्या आखणीतून तिथं दोन-दोन रंगांच्या जोड्यांचा खेळ आकाराला आला. सोंगट्यांच्या जागी कंपनीच्याच 'मादो मोनोगातारी' या साहसकथेतले लिबलिबीत, डोळे असलेले गोळे आले. तेच 'पुयो'. त्याच कथेतली आरुरु नावाची मुलगी नायिका झाली. 1991 मध्ये हा खेळ एमएसएक्स संगणकावर आणि निन्टेंडोच्या फॅमिली कॉम्प्युटरच्या डिस्कवर आला. फारसा गाजला नाही.

खरा बदल 1992 मध्ये झाला. सेगाबरोबर त्याची गेम पार्लरसाठी नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यात समोर प्रतिस्पर्धी असणं हाच खेळाचा गाभा ठरला. 'स्ट्रीट फायटर टू'नं पार्लरांत समोरासमोर लढण्याची लाट आणली होती, तेच हे दिवस. आता पडदा दुभंगला. डावीकडे तुम्ही, उजवीकडे दुसरा.

खेळ सांगायला सोपा आहे. प्रत्येकाला सहा रकाने आणि बारा ओळींचा एक खण. वरून दोन गोळ्यांची जोडी येते. एकाच रंगाचे चार गोळे एकमेकांना चिकटले की नाहीसे होतात. त्यांच्यावरचे गोळे खाली येतात, आणि ते येताना पुन्हा कुठे चार जुळले तर तेही जातात. ही झाली साखळी. साखळी लागली की समोरच्याच्या खणात राखाडी अडगळ पडते. तिला रंग नसतो, त्यामुळे ती स्वतःहून जात नाही. शेजारचे रंगीत गोळे गेले तरच तीही जाते. डावीकडून तिसऱ्या रकान्याचं तोंड बुजलं की डाव संपला.

आता थोडं गणित. चार गोळे नुसते घालवले तर 40 गुण. त्यामागोमाग साखळीचा दुसरा दुवा लागला तर त्याचे 320. तिसऱ्याचे 640, चौथ्याचे 1280, पाचव्याचे 2560. सगळे मिळून 4840. दर 70 गुणांना अडगळीचा एक गोळा समोर जातो, म्हणजे पाच दुव्यांच्या एका साखळीनं 69 गोळे. आणि समोरच्याच्या खणात जागा किती? सहा गुणिले बारा, 72. पाच दुव्यांत जवळजवळ अख्खा खण भरतो.

पहिल्या 'पुयो पुयो'त या आकड्यांवरच सगळं थांबायचं. आलेली अडगळ अडवायचा मार्ग नव्हता. समोरच्यानं तुमच्याआधी पाच दुव्यांची साखळी लावली की तुमच्या खणात कितीही सुंदर रचना उभी असली तरी ती गाडली जायची. जोड्या दोघांना त्याच क्रमानं मिळायच्या, त्यामुळे नशिबाला दोष देण्याचीही सोय नव्हती. जो आधी पाचाला पोचला तो जिंकला. म्हणजे समोर माणूस बसवला होता खरा, पण दोघं खेळत होते आपापलेच. एकमेकांकडे पाहायचं काही कारण नव्हतं. ती शर्यत होती आणि पाच दुवे ही तिची शेवटची रेघ होती. सहावा दुवा शिकून करायचं काय?

'त्सू'नं हे मोडलं. नवा नियम असा: तुमच्या डोक्यावर अडगळ लटकत असताना तुम्ही साखळी लावलीत, तर तुमच्या साखळीचं बळ आधी त्या अडगळीतून वजा होईल. समोरून 30 आले आणि तुम्ही 40 चं उत्तर दिलंत, तर तुमच्यावरचे 30 गेले आणि उरलेले 10 त्याच्यावर. या वजावटीच्या नियमात एवढंच आहे. एका वाक्यात सांगून होतो.

पण या एका वाक्यानं खेळाची जातच बदलली. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात एक शाहीर सवाल टाकतो, आणि दुसऱ्याला जबाब देण्याची पाळी येईपर्यंत सामना संपत नाही. सगळी रंगत त्या जबाबात असते. पहिल्या 'पुयो पुयो'त सवाल होता, जबाब नव्हता. 'त्सू'त जबाब आला, आणि जबाब आला म्हणून सवालही शहाणा झाला.

कसा, ते पाहा. पाच दुव्यांची साखळी आता पुरेशी नाही, कारण समोरचा सहाची लावून ती परतवेल. मग तुम्ही सात रचता, तो आठ. पाहता पाहता दहा-बारा दुव्यांच्या साखळ्या हे गंभीर खेळाडूंचं रोजचं बोलणं झालं. बहात्तर जागांत चार-चार गोळ्यांचे अठरा दुवे बसतात, वरची न दिसणारी तेरावी ओळ धरली तर एकोणीस. खणाची ही मर्यादा आता कागदावरची राहिली नाही, तिच्या दिशेनं खेळता येऊ लागलं.

आणि इथेच नियमाचा सगळ्यात खोल परिणाम दिसतो. साखळी लागायला वेळ लागतो. एक दुवा जातो, वरचे गोळे खाली येतात, दुसरा जुळतो. दहा दुव्यांची साखळी चालू असताना तुमचे हात मोकळे असतात, पण तुम्हाला काही करता येत नाही. नवी जोडी येत नाही. समोरच्याला मात्र येते. त्याच्या डोक्यावर संकटाच्या खुणा वाढताना दिसतात, आणि त्याच वेळी त्याला आपली साखळी आणखी लांबवायला अवधी मिळतो. म्हणजे जितका मोठा हल्ला, तितका शत्रूला दिलेला वेळ मोठा. वजावट आल्यावर आधी हल्ला करणं हेच धोक्याचं ठरलं. जो थांबू शकतो, जो दुसऱ्याला आधी बोलायला लावतो, त्याची बाजू वरचढ.

मग दुसऱ्याला बोलायला लावायचं कसं? छोट्या माऱ्यानं. दोन-तीन दुव्यांची चटकन लागणारी साखळी सोडायची. ती आली की समोरच्यानं करायचं काय? अडगळ अंगावर घेतली तर त्याच्या मोठ्या रचनेचं तोंड बुजतं. मोठी साखळी लावून ती परतवली तर त्याचं सगळं बळ आत्ताच खर्च झालं. छोट्या उत्तरासाठी बाजूला वेगळे गोळे राखून ठेवले असतील तरच तो सुटतो. जपानी खेळाडूंनी या प्रत्येक चालीला नाव दिलं आहे. डिवचण्यासाठी सोडलेली साखळी वेगळी, चिरडण्यासाठी सोडलेली वेगळी, मुख्य साखळी पेटवायचा क्षण वेगळा. रचनांनाही नावं आहेत. जिन्यासारखी चढत जाणारी एक पद्धत आहे. कोपऱ्यात साखळीला वळण देणारी जी रचना आज जगभर पहिल्यांदा शिकवतात, ती तानाका नावाच्या खेळाडूच्या नावावरून ओळखली जाते. एका नियमातून शब्दांचं असं शेत उगवतं, तेव्हा तो नियम खरोखर सुपीक आहे असं मानायला हरकत नाही.

या सगळ्यात नजर कुठे असते, तेही पाहा. चांगला खेळाडू अर्धा वेळ स्वतःच्या खणाकडे पाहतच नाही. समोरच्याच्या खणात काय रचलं आहे, त्याची साखळी पेटायला कोणता रंग हवा, पुढच्या दोन जोड्यांत तो रंग आहे का, हे तो वाचत असतो. पहिल्या खेळात दुसऱ्याकडे पाहणं म्हणजे वेळ घालवणं होतं. दुसऱ्या खेळात न पाहणं म्हणजे हरणं. एक वजाबाकी आली आणि समोरचा माणूस दिसू लागला, हे मला आजच्या व्याख्यानात सांगायचं आहे. बाकी सगळं याभोवतीचं आहे.

'त्सू'मध्ये आणखीही बदल होते. अरुंद खाचेत अडकलेली जोडी बटण दोनदा दाबून उलटवता येऊ लागली; ही सोय इतकी योग्य होती की ती नवी आहे हेच लोक विसरले. अख्खा खण रिकामा केला की पुढच्या साखळीबरोबर तीस गोळ्यांची, म्हणजे पाच ओळींची, जादा भेट समोर जाऊ लागली. हा नियम मला मनापासून पटत नाही. डावाच्या सुरुवातीला रंगांचा योग जुळला तर तो फारशा विचाराशिवाय साधतो, आणि एवढ्या नाजूक तोलाच्या खेळात तीस गोळ्यांचं दान फार मोठं आहे. एकट्यानं खेळणाऱ्यासाठी मनोऱ्याची कल्पना आहे: आरुरु मजला-मजला चढत जाते आणि वर सातान नावाचं पात्र वाट पाहत असतं. ते सगळं गोड आहे, पण खेळ जगला तो त्यामुळे नाही.

आता आवृत्त्यांकडे वळतो. गेम पार्लरमध्ये हा खेळ सेगाच्या सिस्टीम सी-2 नावाच्या पाटीवर चालायचा. ही पाटी सेगाच्याच घरगुती मेगा ड्राइव्ह यंत्राच्या अंगानं बांधलेली होती. त्यामुळे डिसेंबर 1994 मध्ये, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत, मेगा ड्राइव्हवर 'त्सू' आला आणि तो पार्लरमधल्या खेळाच्या अगदी जवळचा होता. ही गोष्ट छोटी वाटेल, पण तिचं महत्त्व मोठं आहे. पार्लरमध्ये नाण्यागणिक पैसे मोजून जे शिकायचं, ते आता घरी भावंडांबरोबर फुकट शिकता येत होतं, आणि तेही त्याच लयीत. तालीम घरी आणि सामना पार्लरमध्ये.

त्यानंतर तर रांगच लागली. 1995 मध्ये सेगा सॅटर्न आणि सुपर फॅमिकॉम. सुपर फॅमिकॉमवर एकाच वेळी चौघांना खेळता यायचं. 1996 मध्ये पीसी इंजिनच्या सीडीवर पात्रांना आवाज मिळाला, गेम बॉयवर रंगांशिवाय आकारांवरून ओळखायचे गोळे आले, आणि प्लेस्टेशनवर 'निर्णायक आवृत्ती' अशा अर्थाच्या नावानं तो निघाला. निर्णायक अर्थातच काही ठरली नाही. 1999 मध्ये वंडरस्वान आणि निओ जिओ पॉकेट कलर या खिशातल्या यंत्रांवर, 2004 मध्ये प्लेस्टेशन टूवर, पुढे निन्टेंडोच्या वीवर आणि थ्रीडीएसवर, 2020 मध्ये स्विचवर. यंत्रं येत गेली, मोडीत निघत गेली. वजावटीचा नियम प्रत्येक वेळी जसाच्या तसा गेला.

पश्चिमेकडे मात्र वेगळंच घडलं, आणि ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. 1993 मध्ये अमेरिका-युरोपात पहिल्या 'पुयो पुयो'चीच पात्रं बदलून 'डॉ. रोबॉटनिक्स मीन बीन मशीन' विकला गेला. 1995 मध्ये सुपर निन्टेंडोवर 'कर्बीज अ‍ॅव्हलांश' आला, तोही पहिल्याच खेळावर बेतलेला. म्हणजे जपानमध्ये वजावट आधीच आली होती, आणि तिकडे विकला जाणारा नवा खेळ जुन्या, निरुत्तर नियमाचा होता. तिथल्या एका पिढीनं 'पुयो पुयो' म्हणजे टेट्रिसचा एक गोजिरवाणा चुलतभाऊ, चार घटका मौजेचा, असं मत करून घेतलं. त्यांचं मत चूक नव्हतं. त्यांच्या हातात जो खेळ होता तो तेवढाच होता. 2019 मध्ये सेगानं मेगा ड्राइव्हची छोटी स्मरणप्रत काढली तेव्हाही जपानी यंत्रात 'त्सू' होता आणि परदेशी यंत्रात रोबॉटनिक. पंचवीस वर्षांनंतरही तीच फट.

ज्या कंपनीनं हे घडवलं तिचं पुढे काय झालं? यश पेलता आलं नाही. कंपाइलनं माणसं भराभर वाढवली, पुयोच्या आकाराचे गोड 'पुयोमान' हिरोशिमाची भेट म्हणून विकले, पुयोंच्या उद्यानाची स्वप्नं पाहिली. मार्च 1998 मध्ये सुमारे साडेसात अब्ज येनच्या कर्जाखाली तिला न्यायालयाकडे जावं लागलं. पुयोंचे हक्क सेगाकडे गेले आणि काही वर्षांत कंपनी नाहीशी झाली. मला याचं वाईट वाटतं. हिरोशिमासारख्या राजधानीपासून दूरच्या शहरात बसून या लोकांनी जगभर टिकणारी गोष्ट केली होती.

सेगानं विकत घेतली ती पात्रं, चित्रं, नाव. प्रताधिकाराच्या कायद्यात चित्राला मालक असतो, गाण्याला असतो. खेळाचा नियम ही कल्पना मानली जाते आणि कल्पनेला तिथं मालक नसतो. म्हणून नियम घडवणाऱ्यांची नावं आपल्याला सहसा ठाऊक नसतात. नायिका कोणी रंगवली हे विचारलं जातं. वजावट कोणाला सुचली हे विचारायची पद्धतच नाही. हे बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे. कादंबरीत जे स्थान रचनेचं, ते खेळात नियमाचं. नियम लिहिणारा हा लेखकच आहे.

नंतरच्या भागांनी 'त्सू'च्या पुढे जाण्याचा प्रयत्न केला. 1996 च्या 'पुयो पुयो सन'मध्ये वजावट केली की सूर्याचे गोळे मिळायचे. 2003 च्या 'पुयो पुयो फीव्हर'मध्ये वजावट करत राहिलं की आयत्या रचलेल्या साखळ्या तुमच्यापुढे येतात, तुम्ही फक्त ठिणगी लावायची. 'फीव्हर'मुळे नवखे लोक आले हे खरं. पण रचना करण्याचं कष्टाचं काम त्यानं खेळाडूच्या हातून काढून घेतलं, आणि ज्याला ते काम आवडतं तो पुन्हा 'त्सू'कडे वळला. 2018 मध्ये जपानमध्ये 'पुयो पुयो' व्यावसायिक ई-स्पोर्ट म्हणून मान्य झाला. त्याच वर्षी निघालेल्या 'पुयो पुयो ई-स्पोर्ट्स'मध्ये दोन नियमावल्या आहेत, एक 'फीव्हर'ची आणि एक 1994 ची. 2019 मध्ये इबाराकी प्रांतात राष्ट्रीय क्रीडा महोत्सवाच्या निमित्तानं प्रांताप्रांतांतल्या संघांची ई-स्पोर्ट्स स्पर्धा झाली, तिथंही 'पुयो पुयो' होता. आधी शंभर डाव जिंकेल तो, अशा तासन्‌तास चालणाऱ्या लढती खेळाडू आजही आपसांत लावतात. शंभर डाव त्याच दोन माणसांनी एकमेकांशी खेळावेत आणि तरीही समोरच्याची पुढची चाल निश्चित सांगता येऊ नये, एवढी खोली त्या एका वजाबाकीत आहे.

2020 मध्ये सेगानं शाळांसाठी एक उपक्रम काढला: मुलांनी 'पुयो पुयो'चा प्रोग्रॅम ओळ-ओळ स्वतः टंकायचा आणि तो चालवून पाहायचा. चार गोळे जुळले हे यंत्राला कळतं कसं, वरचे खाली कोणत्या क्रमानं येतात, हे त्या मुलांना बोटांनी समजतं. खेळाकडे पाहण्याची ही रीत मला योग्य वाटते. आपल्याकडच्या शिक्षकांनी तिची जरूर दखल घ्यावी.

शेवटी एक विनंती. मराठीत आपण सिनेमाची समीक्षा करतो, नाटकाची करतो, क्रिकेटच्या एका षटकावर पानभर लिहितो. व्हिडिओ गेमबद्दल लिहाल तेव्हा त्याची चित्रं आणि त्याची विक्री यांआधी त्याचा नियम लिहा, आणि त्या नियमामुळे खेळणारी दोन माणसं एकमेकांशी कशी वागतात ते लिहा. त्यासाठी खेळावं लागेल. 'पुयो पुयो ई-स्पोर्ट्स' इंग्रजीत 'पुयो पुयो चॅम्पियन्स' या नावानं साध्या संगणकासाठीही निघाला आहे. घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवा, दोन नियमावल्यांतली जुनी निवडा, आणि पहिली साखळी समोरच्याला लावू द्या.